तब्येत बघून कळत नाही

मराठीतला ‘तब्येत’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आजी फोनवर विचारते, ‘तब्येत कशी आहे गं?’ तेव्हा तिला आपली प्रकृती विचारायची असते. लग्नात भेटलेल्या मावशी म्हणतात, ‘तब्येत केलीस हो चांगली!’ तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की तू जाड झालीस. ‘तब्येत उतरली’ म्हणजे माणूस आजारी दिसतोय, किंवा नुसताच बारीक झालाय. प्रकृती आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबल्या आहेत. म्हणून कुणाकडे नुसतं बघितलं तरी त्याची तब्येत आपल्याला कळली, असं आपल्याला मनापासून वाटतं.

ज्या आजारात हे ‘बघून कळणं’ सगळ्यात जास्त फसवतं, त्या आजाराबद्दल आज बोलू या. त्याला म्हणतात खाण्याचे विकार, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर. त्यातही ज्यांचे उपचार सुरू आहेत, जे हळूहळू बरे होत आहेत, त्यांच्याबद्दल जास्त बोलायचं आहे. कारण त्या काळात घरातलं एखादं कौतुकाचं वाक्यसुद्धा माणसाला मागे ढकलू शकतं आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

एक गोष्ट आधीच सांगते. या लेखात कुणाचं वजन, कंबरेचं माप किंवा कॅलरीचा आकडा नाही. ते मुद्दाम टाळलं आहे. का, ते पुढे येईलच.

आरशांचा बाजार

मी राहते तो करोल बागेचा भाग म्हणजे लग्नाच्या खरेदीचं माहेरघर. सोमवार सोडला तर अजमल खान रोडवर कायम गर्दी. आसपासच्या गल्ल्यांत लेहंग्यांची दुकानं, बँक स्ट्रीटवर दागिने. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी सांगली-साताऱ्याकडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे या गर्दीत मराठीही कानावर पडतं. लेहंगा बघायला आलेल्या मुलीबरोबर आई, काकू, बहीण असा सगळा ताफा असतो. ब्लाउज घट्ट झाला की कुणीतरी सहज म्हणतं, ‘अजून तीन महिने आहेत, तोवर होशील की बारीक.’ कापड सैल करता येतं, शिवणीत त्यासाठी दाब सोडलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी बदलायचं असतं ते मुलीनंच.

जवळच जुन्या राजेंद्र नगरात स्पर्धा परीक्षांचे क्लास आहेत. देशभरातून आलेली मुलं-मुली तिथे छोट्या खोल्यांत राहतात. जेवण डब्याचं. आज जेवलास का, हे बघणारं कुणी नाही. जेवण टाळलं तरी कळत नाही आणि रात्री एकट्यानं भरमसाट खाल्लं तरीही कळत नाही. शिवाय गल्लोगल्ली जिम आहेत आणि त्यांच्या पाटीवर पिळदार पोटांची चित्रं. मुलग्यांनाही हा त्रास होतो. फक्त त्यांच्या बाबतीत त्याला ‘फिटनेस’ म्हणतात, म्हणून तो आणखी उशिरा लक्षात येतो.

लग्नासाठी बारीक होणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते, जिमला जाणारा प्रत्येक मुलगाही नसतो. या आजाराचं कारणही एकच एक नसतं. अनुवंशिकता, स्वभाव, चिंता, भोवतालचा दबाव असं बरंच काही एकत्र येतं. पण ज्याच्या आत तो दबा धरून बसलेला असतो, त्याला अशा वातावरणात डाएट हे निमित्त पुरतं.

हे इन्स्टाग्रामनं जन्माला घातलेलं नाही

‘आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं,’ असं घरात हमखास म्हटलं जातं. तर आजाराचं वय बघू या. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव १८७० च्या दशकात दिलं. यात माणूस खाणं कमी-कमी करत जातो आणि शरीर वाळलं तरी त्याला आपण जाडच वाटतो. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ‘बुलिमिया नर्व्होसा’चं वर्णन केलं. त्यात ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग ते शरीरातून काढून टाकण्याची किंवा त्याची भरपाई करण्याची धडपड सुरू होते. तिसरा प्रकार ‘बिंज ईटिंग’. यात अशी भरपाई नसते, पण ताबा सुटून खाण्याची वेळ पुन्हापुन्हा येते आणि त्यानंतर प्रचंड शरम वाटते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात त्याला २०१३ मध्ये स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला.

या तिघांतला पहिलाच तेवढा कधीकधी डोळ्यांना दिसतो. बुलिमिया असलेल्या व्यक्तीचं वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं. जाड दिसणारी व्यक्तीही उपाशी राहून राहून गंभीर आजारी असू शकते, आणि तिला मात्र सगळे ‘छान, वजन उतरतंय’ म्हणून शाबासकी देत असतात. अ‍ॅनोरेक्सिया हा तर मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांपैकी एक आहे. तेव्हा ही थेरं नव्हेत आणि हट्टही नव्हे.

दिल्लीतलंच उदाहरण घ्या. अभिनेत्री रिचा चढ्ढा दिल्लीत वाढली, सेंट स्टीफन्समध्ये शिकली. ‘फुकरे’तली तिची भोली पंजाबन कुणाला घाबरेल असं वाटत नाही. त्याच रिचानं २०१६ मध्ये एका टेडएक्स भाषणात सांगितलं की तिला बुलिमिया होता. सिनेमात आल्यावर तिला वजन वाढव, मग कमी कर, नाक बदल, ओठ बदल, अशा उलटसुलट सूचना मिळत गेल्या आणि त्यातून ती आजारात अडकली. तोवर तिचं काम सुरूच होतं, ‘मसान’सारखे सिनेमे लोकांनी नावाजले होते. पडद्यावर इतक्या जवळून दिसणाऱ्या माणसाचा आजार लाखो प्रेक्षकांना दिसला नाही, तर जेवणाच्या टेबलावर आपल्याला तो दिसेलच, याची काय खात्री?

भूक डोक्याचं काय करते

खाण्याचा विकार असलेल्या मुलीबद्दल घरचे गोंधळून म्हणतात, ‘स्वतः खात नाही, पण दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघते. सगळ्यांसाठी केक करते आणि स्वतः तुकडाही तोंडात घालत नाही. चिडचिड तर विचारूच नका.’ हे नाटक नाही, हे समजायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण पुरुषांवर उपासमारीचा अभ्यास केला. युद्धात लढायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनं आले होते. शरीरानं आणि मनानं धडधाकट होते म्हणूनच त्यांची निवड झाली होती. त्यांचं खाणं २४ आठवडे जवळजवळ निम्म्यावर आणलं गेलं. हळूहळू त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, रेसिपी जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास चिवडत बसू लागले. ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून तुटले. पुन्हा पुरेसं खायला मिळाल्यावरही ते लगेच ठीक झाले नाहीत. काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. प्रयोगानंतर काहींनी तर स्वयंपाकाचाच पेशा धरला.

या तरुणांपुढे आरसा नव्हता, लेहंगा नव्हता, इन्स्टाग्राम नव्हतं. नुसत्या उपासमारीनं त्यांची मनं अशी झाली. म्हणून उपचारात आधी शरीराला नियमित अन्न मिळू लागणं गरजेचं असतं. ‘आधी मन खंबीर कर, मग आपोआप खाशील,’ हे उलटं आहे. उपाशी मेंदूला समजावून काही होत नाही.

याच अ‍ॅन्सेल कीज यांनी पुढे १९७२ मध्ये ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणजे बीएमआय हे नाव रूढ केलं. मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केटेले या बेल्जियन खगोल आणि संख्याशास्त्रज्ञाचं. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे. पण आज शाळेच्या आरोग्य तपासणीपासून मोबाइलच्या अ‍ॅपपर्यंत सगळीकडे तोच एक आकडा दिसतो आणि आकडा ‘नॉर्मल’ आला की घरचे निश्चिंत होतात. मुलगी बेसिनपाशी काय करते, रात्री का रडते, हे त्या आकड्यात येत नाही.

दबावाचं म्हणाल, तर फिजी बेटांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे धष्टपुष्ट शरीर हेच चांगलं मानायची रीत होती. नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेनं त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी काढते असं सांगणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ च्या पाहणीत अशा मुली ११ टक्क्यांहून अधिक होत्या. तीन वर्षं आणि एक टीव्ही. आपल्या मुलांच्या हातात तर तो पडदा चोवीस तास आहे.

पडद्यावर थोडं वेगळंही घडलंय

मराठी पडद्यानं मात्र अलीकडे काही चांगलंही केलं आहे. सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’मध्ये (२०१६) सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वाढलेल्या वजनाच्या दोन मैत्रिणी रंगवल्या आणि त्यासाठी खरोखर वजन वाढवलं. २०२० मध्ये कलर्स मराठीवर ‘सुंदरा मनामध्ये भरली’ सुरू झाली. तिच्यातली लतिका, म्हणजे अक्षया नाईक, मालिकेची नायिका होती, तोंडी लावायला ठेवलेली विनोदी मैत्रीण नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधल्या वनिता खरातचं तेजस नेरुरकर यांनी काढलेलं छायाचित्र गाजलं. अंगावर कपडे नाहीत, पुढे एक पतंग आणि चेहऱ्यावर निवांत आत्मविश्वास. शिव्या देणारे होतेच, पण आपल्यासारखी कुणीतरी दिसली म्हणून सुखावलेल्या बायकाही कमी नव्हत्या.

हे सगळं हवंच. पण ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम कर’ हे वाक्य म्हणजे उपचार नव्हे. आजारातून उठणाऱ्या माणसाला रोज आरशात बघून प्रेम वाटत नाही. आज तिन्ही वेळा जेवले आणि आरशाकडे लक्ष गेलं नाही, एवढं जमलं तरी त्याचा तो दिवस चांगला गेलेला असतो.

‘भरलीस गं!’

आता मुख्य मुद्दा. उपचार सुरू झाले, मुलगी पुन्हा खायला लागली, की पहिले काही आठवडे-महिने शरीर विचित्र वागतं. पोट फुगतं, अंगावर सूज येते, पचन रेंगाळतं, कधी भूक लागतच नाही तर कधी थांबतच नाही. वजन आधी पोटावर दिसतं. ज्या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त भीती होती, तीच औषध म्हणून तिला रोज स्वीकारायची असते. नेमकी तेव्हा एखादी काकू येते आणि आनंदानं म्हणते, ‘आता कशी छान भरलीस! चेहऱ्यावर तेज आलं.’

काकूंच्या मनात फक्त माया आहे. पण त्या मुलीला ऐकू येतं: सगळ्यांना दिसतंय, मी जाड झाले. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता टळू शकतो. उलट ‘अजून वाळलेलीच दिसतेस’ म्हटलं तरी आतला आजार खूश होतो. म्हणजे शरीराबद्दल काहीही म्हटलं तरी पंचाईत. यावर सोपा मार्ग एकच: शरीराबद्दल बोलायचंच नाही. तिच्याही नाही, स्वतःच्याही नाही आणि टीव्हीवरच्या नटीच्याही नाही. ‘मी आज दोन गुलाबजाम खाल्ले, आता उद्या उपाशी,’ असं आई स्वतःबद्दल म्हणते, तेव्हाही मुलगी ऐकत असते.

मग बोलायचं काय? ‘तू आलीस, बरं वाटलं.’ ‘परवा सांगत होतीस त्या पुस्तकाचं काय झालं?’ ‘आज कसा गेला दिवस?’ जेवताना अभ्यास, लग्न, वजन हे विषय बंद. मॅच, सिनेमा, शेजाऱ्यांचं मांजर, काहीही चालेल.

किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियावर कुटुंबाला सोबत घेऊन करायची एक उपचारपद्धत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झाली. तिचा पाया असा की आजार आईवडिलांमुळे झालेला नाही, पण तो बरा करण्यात त्यांच्याइतकी मदत कुणाचीच नाही. सुरुवातीला मुलानं काय आणि किती खायचं हे आईवडील डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली ठरवतात आणि प्रत्येक जेवणाला शांतपणे सोबत बसतात. तब्येत सावरेल तसा तो ताबा हळूहळू मुलाकडे परत देतात. आपल्याकडे एकत्र जेवायची सवय आहे, ताटात आग्रहानं वाढायचीही आहे. त्यातली सोबत घ्यायची आणि आग्रहाऐवजी नियमितपणा ठेवायचा. रागावणं, शपथ घालणं, ‘आईसाठी एवढं नाही करणार?’ म्हणणं यानं आजाराची शरम वाढते, भूक वाढत नाही.

उपासाचा आडोसा

आपल्या घरांमध्ये हा आजार लपायला एक सोयीची जागा आहे, ती म्हणजे उपास. चतुर्थी, एकादशी, सोमवार, हरतालिका, नवरात्र. दिल्लीत राहिलं की त्यात शेजारणींबरोबरचा करवा चौथही येतो. एरवी न खाणाऱ्या मुलीला प्रश्न विचारले जातात, उपास करणारीचं कौतुक होतं. अचानक उपासांची संख्या वाढली, उपासाला साबुदाण्याची खिचडीही नको झाली, दुसऱ्या दिवशी उपास सोडायला टाळाटाळ सुरू झाली, तर ती भक्तीच आहे ना, हे प्रेमानं बघायला हवं.

आणि उपचार सुरू असलेल्या व्यक्तीनं उपास करू नये. आजाऱ्याला, लेकराला, गर्भवतीला उपासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. घरातल्या मोठ्या बाईनं, शक्यतो आजीनंच, ‘यंदा तुझा उपास मी करते, तू जेव,’ असं म्हटलं तर मुलीच्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरतं.

डॉक्टरकडे कधी, कुठे

दिसण्यापेक्षा वागण्याकडे लक्ष द्या. घरच्यांसोबत जेवणं टाळणं, ‘बाहेर खाऊन आले’ हे वारंवार सांगणं, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, डबे-पाकिटं लपवलेली सापडणं, दिवसातून अनेकदा वजन करणं, आजारी असतानाही व्यायाम न सोडणं, पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, चक्कर, सतत थंडी वाजणं. दातांचं आवरण झिजलेलं कधीकधी दंतवैद्याच्याच आधी लक्षात येतं.

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करा. रक्तातले क्षार आणि हृदयाचे ठोके तपासणं महत्त्वाचं असतं, कारण वजन ठीक असतानाही पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होऊ शकतो. मग मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ. करोल बागेतून डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालय जवळ आहे, राजीव चौकाला मेट्रो बदलून एम्सला जाता येतं, यमुनेपलीकडे दिलशाद गार्डनला इहबास ही मानसिक आरोग्याचीच संस्था आहे. या सरकारी ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. कुठे जायचं हेच सुचत नसेल, तर टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, जीव नकोसा झाल्याचं बोलणं असं काही असेल, तर वाट न बघता थेट रुग्णालयात जा.

खर्चाची काळजी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखीच मानसिक आजारांसाठीही विम्याची सोय करायला सांगितलं आहे. तुमच्या पॉलिसीत काय आहे, हे एकदा विचारून घ्या.

आपली गोष्ट सांगताना

यातून बाहेर पडलेल्या अनेकांना आपला अनुभव लिहावासा, सांगावासा वाटतो. जरूर सांगावा. रिचासारखं कुणी बोललं म्हणून किती जणींना आपल्या त्रासाचं नाव कळलं असेल. फक्त त्यात वजनाचे आकडे, काय खात होते त्याची यादी आणि ‘आधी-नंतर’चे फोटो नकोत. जी मुलगी अजून आजारात आहे, ती त्यातून बरं व्हायचं शिकत नाही, ती तुलना करते. ‘तिच्याइतकी मी कुठे आजारी आहे?’ म्हणून मदत मागायचंच टाळते. या लेखात आकडे नाहीत, ते याचसाठी. त्याऐवजी सांगा की पहिल्यांदा कुणाला सांगितलं, त्यांनी काय म्हटलं, डॉक्टरकडे कोण सोबत आलं, कुठल्या दिवशी पुन्हा घसरलात आणि पुन्हा कसं सुरू केलंत. घसरणं या आजारात होतंच. बरं व्हायला महिने लागतात, बऱ्याचदा वर्षं लागतात. पण पूर्ण बरे झालेले लोक आहेत, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ती शक्यता वाढते.

सणासुदीला घर पाहुण्यांनी भरेल. मुलगी हॉस्टेलवरून येईल, भाचा पुण्याहून येईल. दारात त्यांना आपादमस्तक बघून ‘तब्येत केलीस’ किंवा ‘तब्येत उतरली’ म्हणायची आपल्याला सवय आहे. या वेळी आत तर येऊ द्या. पाणी द्या. मग शेजारी बसून विचारा, ‘कशी आहेस?’ आणि ‘बरी आहे’ म्हटल्यावरही लगेच उठून जाऊ नका.